विश्लेषण : सर्दी-पडशावर आले-तुळशीचा चहा आणि काढा... आराम किती, अपाय कधी?

पावसाची झड लागली, की भाजीबाजारात गवती चहाच्या जुड्या आणि ओले आले दिसू लागते. घरात कुणी शिंकले, की पातेल्यात पाणी चढते. त्यात आले, तुळस, दोन मिरे, एखादी लवंग पडते आणि वाफाळता पेला हाती येतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या उपायाकडे अलीकडे पालक पुन्हा वळू लागले आहेत आणि त्यामागे एक दुःखद कारणही आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात विषारी रसायनाचा अंश असलेल्या खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यातील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवण्यात आले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना जारी केली. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे योग्य नाहीत आणि पुरेसे पाणी, विश्रांती व आधार देणारे साधे उपाय हीच पहिली पायरी असावी, असे त्यात म्हटले होते. मग औषधाच्या बाटलीऐवजी काढ्याचा पेला सुरक्षित मानायचा का? त्याने सर्दी खरोखर बरी होते का? आणि कोणी कोणता काढा टाळावा?

सर्दीत नेमके काय होते?

साधी सर्दी हा विषाणूंचा संसर्ग आहे. सर्दीला कारणीभूत ठरणारे विषाणू २००हून अधिक आहेत आणि त्यात ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा. प्रौढ व्यक्तीला वर्षातून दोन-तीन वेळा, तर लहान मुलांना सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे सामान्य मानले जाते.

विषाणू नाकाच्या आणि घशाच्या अस्तरात शिरतो, पण त्रास होतो तो बराचसा शरीराच्या प्रतिकारामुळे. अस्तरातील रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून नाक चोंदते. श्लेष्मा म्हणजे शेंबूड वाढतो, म्हणून नाक वाहते. घशातील मज्जातंतू हुळहुळे होतात, म्हणून खवखव आणि खोकला येतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला, की अनेकांना प्रतिजैविकांची आठवण होते. हा रंग मुख्यतः लढाईत उतरलेल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. केवळ रंगावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही.

सर्दी बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला मात्र त्यानंतरही काही दिवस रेंगाळू शकतो. ‘औषध घेतले तर आठवड्यात, नाही घेतले तर सात दिवसांत’ ही थट्टा त्यातूनच आली. म्हणजे प्रश्न सर्दी बरी करण्याचा कमी आणि हे सात दिवस सुसह्य करण्याचा अधिक आहे. चहा-काढ्याचे मोजमापही याच निकषावर व्हायला हवे.

गरम पेयाने बरे का वाटते?

वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाच्या ‘कॉमन कोल्ड सेंटर’मध्ये याचा साधा प्रयोग झाला आणि तो २००८मध्ये प्रसिद्ध झाला. सर्दी-तापाची लक्षणे असलेल्या ३० जणांना फळांचे तेच पेय दिले गेले. काहींना गरम, काहींना खोलीच्या तापमानाचे. नाकातून हवा किती मोकळी वाहते हे यंत्राने मोजले, तेव्हा गरम पेयाने त्यात फरक पडलेला दिसला नाही. पण रुग्णांना काय वाटते हे विचारल्यावर चित्र वेगळे होते. गरम पेय घेणाऱ्यांना नाक वाहणे, खोकला, शिंका, घसादुखी, थंडी वाजणे आणि थकवा या सगळ्यांत लगेच उतार जाणवला आणि तो काही काळ टिकलाही. कोमट नसलेले साधे पेय घेणाऱ्यांना नाक वाहणे, खोकला आणि शिंका यांत आराम मिळाला, पण घसादुखी, हुडहुडी आणि थकव्यात नाही.

त्याआधी १९७८मध्ये अमेरिकेतील मायामी बीच येथे १५ निरोगी व्यक्तींवर एक अभ्यास झाला होता. त्यात नाकातील श्लेष्मा किती वेगाने पुढे सरकतो हे मोजण्यात आले. गरम पाणी प्यायल्यावर हा वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ मिलिमीटर झाला. कोंबडीच्या गरम रश्श्याने तो ६.९वरून ९.२वर गेला. थंड पाण्याने मात्र ७.३वरून ४.५पर्यंत घसरला. गरम पेयांनी वाढलेला वेग अर्ध्या तासात पुन्हा मूळ पदावर आला.

या दोन्ही अभ्यासांतील माणसे थोडी होती, त्यामुळे त्यांतून फार मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्हींत एकही औषधी वनस्पती नव्हती. म्हणजे पेल्यातल्या आरामाचा मोठा हिस्सा उष्णता, वाफ, पाणी आणि चव यांचाच असतो. कोंबडीचा रस्सा, कुळथाचे कढण, टोमॅटोचे सार किंवा नुसते गरम पाणी यांनीही घसा सुखावतो तो याचमुळे. आराम अर्ध्या-एक तासाचा असतो, म्हणूनच दिवसातून एकदा तांब्याभर पिण्यापेक्षा थोडे थोडे, अनेकदा पिणे अधिक उपयोगी ठरते.

मग आले, पुदिना, तुळस यांचे काम काय?

आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या घटकामुळे येतो. सुंठीत त्याचे रूपांतर अधिक तिखट अशा शोगाओलमध्ये झालेले असते. हे घटक तोंडातील आणि घशातील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. त्यामुळे ऊब जाणवते, लाळ सुटते, नाकातूनही थोडे पाणी येते. ओलावा मिळाल्याने कोरड्या घशाची टोचणी कमी होते. मिरी आणि लवंगेचा झणका साधारण याच वाटेने काम करतो.

पुदिन्याचे उलट. त्यातील मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर काम करते. नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण मोजणीत हवेचा मार्ग तेवढाच अरुंद असतो. हा भास आहे, तरी रात्री झोप न येणाऱ्या माणसाला त्याचेही मोल असते.

गवती चहात चहाचे पानच नसते. ते सुगंधी गवत आहे. त्याचा लिंबासारखा वास सिट्रल या तेलामुळे येतो आणि त्यात कॅफीन नसते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी नुसत्या गवती चहाचा कप घ्यायला हरकत नसते. महाराष्ट्रात तो बहुतेक घरांत दुधाच्या चहातच पडतो. त्या चहातील कॅफीन मात्र झोप उडवू शकते.

तुळशीवर माणसांमध्ये झालेल्या अभ्यासांचा २०१७मधील एक आढावा २४ अभ्यासांचा होता. त्यांतील बरेचसे रक्तातील साखर, मानसिक ताण अशा विषयांवरचे होते. तुळशीचा चहा सर्दीचे दिवस कमी करतो, हे सिद्ध करणारी मोठी, काटेकोर चाचणी त्यात नव्हती. प्रयोगशाळेत एखाद्या अर्काने विषाणूंची वाढ रोखली, अशा बातम्या नेहमी येतात. परीक्षानळीतील मात्रा आणि कपातल्या पाच-सहा पानांची मात्रा यांत मोठे अंतर असते, हे तेव्हा लक्षात ठेवावे लागते.

मधाबद्दल पुरावा काय सांगतो?

घरगुती उपायांत सर्वांत भक्कम पुरावा मधाचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात २००७मध्ये दोन ते अठरा वर्षे वयाच्या १०५ मुलांवर चाचणी झाली. झोपण्यापूर्वी अर्धा तास काहींना एक मात्रा मध, काहींना मधाच्या चवीचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकल्याचे प्रचलित औषध दिले गेले आणि काहींना काहीच दिले नाही. दुसऱ्या दिवशी पालकांनी दिलेल्या गुणांत मध घेतलेली मुले काहीच न घेतलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. औषधाला मात्र तशी आघाडी दाखवता आली नाही.

पुढे २०१८मध्ये कॉक्रेन या संस्थेने सहा चाचण्यांतील ८९९ मुलांची माहिती एकत्र तपासली. काहीच न देण्यापेक्षा मधाने खोकला बहुधा अधिक कमी होतो, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनानेही साध्या, अल्पकालीन खोकल्यावर आधी मध वापरून पाहण्याचा सल्ला दिला. मध घशावर पातळ थर देतो आणि त्याच्या गोडीने लाळ सुटते, हे त्याचे संभाव्य कारण.

आयुर्वेदात मध तापवू नये असे सांगितले आहे. पाण्याला उकळी फुटत असताना मध घालण्यापेक्षा पेला पिण्याजोगा कोमट झाल्यावर घालणे त्या रीतीला धरून होते. मधुमेहींनी मात्र मध किंवा गूळ ही साखरच आहे, हे विसरू नये.

चहा आणि काढा यांत फरक कोणता?

बोलीभाषेत दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. वैद्यकशास्त्रात मात्र ते वेगळे आहेत. आयुर्वेदात वनस्पतींचा अंश काढण्याच्या पाच मूळ पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. गरम पाण्यात भरड घालून, थोडा वेळ झाकून गाळले, की होतो फांट. आजचा ‘हर्बल टी’ म्हणजे हाच. क्वाथ म्हणजे काढा. त्यात वनस्पती भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळून पाणी एक चतुर्थांश किंवा एक अष्टमांश उरेपर्यंत आटवले जाते.

फरक केवळ नावाचा नाही. फांट सौम्य असतो. काढ्यात तेच घटक कितीतरी तीव्र होऊन येतात. म्हणूनच वैद्य काढा देताना मात्रा, दिवस आणि प्रकृती ठरवून देत. घरोघरी ‘जेवढे कडू तेवढे गुणकारी’ या समजुतीने मूठभर जिन्नस तासभर आटवले जातात, तेव्हा चहाच्या नावाखाली मोजमाप नसलेले औषध तयार होत असते.

करोनाकाळात हे मोठ्या प्रमाणावर घडले. आयुष मंत्रालयाने २०२०मध्ये सुचवलेल्या ‘आयुष क्वाथा’चे प्रमाण ठरलेले होते. तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग. त्याचे तीन ग्रॅम चूर्ण १५० मिलिलिटर उकळलेल्या पाण्यात घालून चहासारखे दिवसातून एकदा-दोनदा घ्यायचे होते. नाव क्वाथ असले, तरी सांगितलेली रीत चहाची होती आणि मात्रा चमचाभराची. समाजमाध्यमांवर फिरताना त्यात गुळवेल, ज्येष्ठमध, अडुळसा, कडुनिंब अशी भर पडत गेली आणि दिवसाला किती, किती दिवस, हे मात्र गळून गेले.

गुळवेलीच्या बाबतीत काय झाले?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण असे आले, की ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ज्यांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतली होती. ही नोंद २०२१मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्परिमेंटल हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०२२मध्ये देशातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेकांमध्ये स्वप्रतिकार यकृतदाहासारखी लक्षणे होती. म्हणजे प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटलेली होती.

आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असण्याची शक्यता त्याने मांडली. अचूक ओळखलेली गुळवेल योग्य मात्रेत सुरक्षित असल्याचे मंत्रालयाचे म्हणणे आहे.

हा वाद बाजूला ठेवला, तरी घरापुरता बोध दोन्ही बाजूंनी सारखाच निघतो. कुंपणावरून किंवा ठेल्यावरून आणलेली वेल नेमकी कोणती, हे घरी ओळखता येत नाही. ती महिनोन्महिने घेणे हा सर्दीचा घरगुती उपाय राहत नाही. थायरॉइडचा विकार, संधिवात, सोरायसिस असे स्वप्रतिकाराचे आजार किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी तर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काही घेण्याआधी डॉक्टरांना विचारणेच इष्ट. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतले पाणी नव्हे, की जितके वाढेल तितके चांगले. ती अतिरेकानेही त्रास देते.

कोणी काय जपून घ्यावे?

ज्येष्ठमध : घशाला गोड आणि मऊ वाटते. पण त्यातील ग्लायसिरायझिनमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लायसिरायझिन नको, असे युरोपीय वैज्ञानिक समितीने म्हटले आहे. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी, लघवी वाढवणारी औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळावे.

दालचिनी : बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल बहुधा ‘कॅशिया’ प्रकारची असते. तिच्यात कुमारिन हा घटक बराच असतो आणि तो अधिक मात्रेत यकृताला त्रासदायक ठरू शकतो. चहात एखादा छोटा तुकडा चालतो. चमचाभर पूड दिवसातून तीनदा, तीही आठवडेच्या आठवडे, हा प्रकार नको.

अडुळसा : खोकल्यावरचा जुना आणि मान्य उपाय. यातील व्हॅसिसिन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध विकसित झाले. म्हणजेच ही वनस्पती खरोखर औषध आहे. तिचा गर्भाशयावरही परिणाम होतो. त्यामुळे गर्भवतींनी ती घेऊ नये.

आले : स्वयंपाकातल्या मात्रेत निर्धोक. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आल्याचे मोठ्या मात्रेतले अर्क, कॅप्सूल किंवा रोजचा तीव्र काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांना आले-मिरीचा तिखट काढा उपाशीपोटी सोसत नाही. छातीतली जळजळ वाढली, तर त्यानेच खोकलाही वाढू शकतो.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना दिवसभराचे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी चहा-काढाही त्याच हिशेबात धरावा.

लहान मुलांना काय द्यावे?

येथे वयाचे टप्पे कसोशीने पाळावे लागतात. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये, पाणीसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्दी झाली म्हणून तुळशीचा रस, बाळगुटीतून उगाळलेली सुंठ किंवा ओव्याचे पाणी देण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. या वयात ती सोडणेच बरे. अशा बाळाला वरचेवर अंगावर पाजणे हाच गरम चहाला पर्याय आहे. चोंदलेल्या नाकासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने मिठाच्या पाण्याचे थेंब वापरता येतात.

एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते तग धरत नाहीत. बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडू शकतात. उकळत्या पाण्याने हे बीजाणू मरत नाहीत. त्यामुळे ‘काढ्यात घालून उकळला आहे’ किंवा ‘बोटावर एवढासाच चाटवला’ या सबबी कामाच्या नाहीत.

वर्षावरील मुलांना रात्री अर्धा ते एक चहाचा चमचा मध, कोमट पाण्यातून किंवा तसाच, देता येतो. आले-गवती चहाचे पातळ, कोमट पाणीही चालते. बडे लोक पितात तो तिखट, आटवलेला काढा मुलांसाठी नाही.

मेंथॉल किंवा कापूर असलेले मलम तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावणे धोक्याचे आहे, कारण त्याने श्वास अडखळू शकतो. वाफाऱ्याचेही तसेच. गरम, दमट हवेने सर्दी लवकर बरी होते याचा ठाम पुरावा नाही. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. काढ्याचे पातेले आणि पेलाही मुलांच्या हाताला लागणार नाही असाच ठेवावा.

सर्दीत दूध बंद करावे का?

दुधाने कफ वाढतो, हा समज जुना आणि पक्का आहे. ऑस्ट्रेलियात १९९०मध्ये ६० जणांना मुद्दाम ऱ्हायनोव्हायरसची लागण करून त्यांच्या दुधाचा आणि शेंबडाचा हिशेब ठेवला गेला. अधिक दूध पिणाऱ्यांचा श्लेष्मा वाढलेला आढळला नाही. दूध लाळेत मिसळून घशात दाट थर आल्यासारखे वाटते, बहुधा त्यामुळे हा समज टिकून आहे. ज्यांना दूध नकोसे वाटते त्यांनी घेऊ नये. आजारपणात नीट न जेवणाऱ्या मुलाचे दूध मात्र केवळ या भीतीने तोडू नये. हळदीचे गरम दूध घशाला बरे वाटत असेल, तर ते घ्यायला हरकत नाही.

घरी चहा कसा करावा, किती गरम प्यावा?

एका कपासाठी साधारण २०० मिलिलिटर पाणी, बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, गवती चहाच्या दोन-तीन पाती आणि तुळशीची पाच-सहा पाने पुरतात. हवे तर एखादा मिरीचा दाणा किंवा लवंग. पाण्याला उकळी आली, की आले घालून दोन-तीन मिनिटे उकळावे. मग आच बंद करून पाती व पाने घालावीत आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात, म्हणून झाकण महत्त्वाचे. गाळून, कोमट होऊ लागल्यावर मध घालावा. लिंबू पिळायचे असेल तर तेही शेवटीच, कारण ‘क’ जीवनसत्त्व उकळल्याने कमी होते. दिवसातून दोन-तीन कप पुरे. बाकी तहान साध्या कोमट पाण्यावर, सार-रश्श्यावर भागवावी.

चटके देणारा घोट अधिक गुणकारी, हा समजही सोडावा लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये नियमित पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असे म्हटले आहे. फुंकर न घालता घोट घेता येतो, तेवढी ऊब घशाला पुरते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

काढ्याचा सर्वांत मोठा धोका त्याच्या घटकांत नसून त्याच्यामुळे वाया जाणाऱ्या दिवसांत आहे. ताप आहे, अंग ठणकते आहे, पण नाक वाहत नाही आणि शिंकाही नाहीत, तर ती सर्दी नसण्याची शक्यता बरीच असते. पावसाळ्यात डेंग्यू, हिवताप आणि लेप्टोस्पायरोसिसची सुरुवात अशीच होते. मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. त्या ७२ तासांची भरपाई कोणत्याही काढ्याने होत नाही.

तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, धाप, छातीत दुखणे, कानात ठणका, थुंकीतून रक्त, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा चढलेला ताप ही वाट न पाहण्याची लक्षणे आहेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे सांगणे आहे. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते.

मुलांच्या बाबतीत श्वास मोजणे ही घरी करता येण्याजोगी गोष्ट आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडले असेल किंवा लघवी खूप कमी झाली असेल, तर पातेले चढवण्याऐवजी थेट रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आल्यास त्याच दिवशी दाखवावे.

निष्कर्ष काय?

आले-तुळशीचा चहा सर्दीचा विषाणू मारत नाही आणि सर्दीचे दिवसही कमी करतो, असा भक्कम पुरावा नाही. तरी घसा शेकतो, शरीराला पाणी मिळते, खोकला थोडा निवतो आणि झोप लागते. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारात एवढे काम पुरेसे असते. तो पातळ असावा, कोमट असावा, स्वयंपाकघरात रोज वापरल्या जाणाऱ्या जिनसांचा असावा आणि सर्दीबरोबरच थांबावा. त्यापलीकडच्या मुळ्या, साली आणि वेली या औषध आहेत. त्या घ्यायच्या तर औषधासारख्याच, म्हणजे जाणकाराला विचारून आणि मोजून. आणि पेला रिकामा झाल्यावरही धाप लागत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर पुढचा पेला भरण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवे.